खाट दवाखान्यातली आणि खाट घरातली

आपली ही मालिका बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशी कुठे कुठे ऐकली जाते. गाव कोणतंही असो, एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो : "वडील अंथरुणाला खिळलेत. आयुष्मान कार्ड आहे. घरी नर्स ठेवली तर त्यातून पैसे मिळतील का?"

उत्तर आहे, नाही. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अटही नाही. पण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस औषधं-तपासण्यांचा खर्च मिळतो, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. हे असं का झालं, ते आज पाहू. कारण सुरुवात अशी नव्हती.

१९४३ साल. महायुद्ध चालू होतं, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या वर्षी प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. १९४४च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ला पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजना सुरू झाली. ज्याला आपण आज ईएसआय म्हणतो, ती हीच.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजारी कामगाराला औषध तर मिळायचंच, पण त्याशिवाय बुडालेल्या पगाराचा काही भाग रोख मिळायचा. आज तो ७० टक्के आहे, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, आणि मुदतही जास्त. यासाठी रुग्णालयात पडून राहण्याची अट नाही. डॉक्टरचा दाखला हवा आणि ठरलेले हप्ते भरलेले हवेत. माणूस घरी झोपून असला तरी चूल पेटायला हवी, हे कायद्याने ओळखलं होतं. अडचण एकच : हे फक्त नोंदणीकृत आस्थापनांतल्या पगारदारांसाठी. शेतमजूर, मोलकरीण, हमाल बाहेरच राहिले.

आता मद्रासला जाऊ. १९५६ साली तिथे क्षयरोगावर एक प्रयोग सुरू झाला. तेव्हा क्षय म्हटलं की सॅनिटोरियम, चांगली हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. पण रुग्ण लाखोंनी आणि खाटा मोजक्या. म्हणून मद्रासच्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी झाली : काही सॅनिटोरियमात, काही आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर.

घरच्या रुग्णांना खायला कमी, जागा कोंदट, आणि त्यातले कित्येक कामालाही जात. तरी दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले. घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरात सॅनिटोरियमांचे दिवस भरले. १९६२च्या आपल्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाचा पायाही घरी उपचार हाच होता.

यात सरकारची खाट वाचली. आहाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार मात्र घरावर गेला. त्यासाठी देशभरच्या रुग्णांच्या खात्यात थेट रक्कम यायला २०१८ उजाडलं. निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. मद्रासचे निष्कर्ष आणि हे पहिले ५०० रुपये यांच्यामध्ये जवळजवळ साठ वर्षं गेली.

विम्याचं काय? १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्यात घरच्या उपचारांचं एक कलम होतं, आजही अनेक पॉलिसींत असतं. रुग्णाला हलवता येत नसेल किंवा रुग्णालयात खाट नसेल, आणि उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चालले, तरच ते लागू. शिवाय दमा, मधुमेह, रक्तदाब असे घरोघरचे आजार बहुधा वगळलेले. हे दार जरा रुंद उघडलं ते २०२०च्या जुलैमध्ये. खाटा संपल्या तेव्हा 'कोरोना कवच' पॉलिसीत १४ दिवसांपर्यंतचे घरचे उपचार, नर्ससुद्धा, धरले गेले.

वेगळी वाट केरळने काढली. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात वेदनाशमनाचं काम सुरू झालं. पुढे मलप्पुरमच्या आसपास शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट उभे राहिले. लोक थोडेथोडे पैसे देत, नर्स घरी जाई, आणि गरज असेल तिथे तांदूळ आणि मुलांच्या शाळेचा खर्चही पोचे. २००८ साली राज्याने यासाठी धोरण केलं आणि पंचायती या कामात आल्या. तिथल्या 'आश्वासकिरणम' योजनेत तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजीच. पण सेवा करणारी सून, मुलगी किंवा बायको सरकारच्या कागदावर आली, हे मला मोठं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडे पैसा खाटेमागे गेला, कारण रुग्णालयाची खाट मोजता येते, तिचं बिल होतं. घरच्या खाटेचं बिल कोणी करत नाही. ती सांभाळणाऱ्या बाईची मजुरी तर आपण घरातसुद्धा मोजत नाही.

तेव्हा घरात कोणी आजारी असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या. पगारावर ईएसआय कापला जातो का? पॉलिसीत घरच्या उपचारांचं कलम आहे का, आणि त्यातून कोणते आजार वगळलेत? आपल्या जिल्ह्यात घरी येणारं पॅलिएटिव्ह केअरचं पथक आहे का? आणि चौथा प्रश्न ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारा : जे मलप्पुरममध्ये झालं, ते आपल्याकडे का नाही?

भेटू पुढच्या भागात.