दिव्यानं दिवा लावणाऱ्या बाया

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या स्मरणिकेत विणेकरी बुवांचं, चोपदारांचं, अन्नदात्यांचं स्मरण होणार, आणि ते झालंच पाहिजे. पण दिंडीत आणखी एक माणूस असतं. मुक्कामाला सगळे आडवे झाले की ते कुणाच्या पायाचे फोड बघतं, कुणाला जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी पाजतं, तापल्या म्हातारीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतं. बहुत करून ती बाई असते, आणि तिचं नाव कुठल्याच वहीत सापडत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, की आपण रुग्णसेवा करणाऱ्या बायांचाच इतिहास सांगावा. तो लांबचा नाही, आपल्या मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडचा आहे.

आधी आपल्याकडं काय होतं ते बघू. 1948 पर्यंत नांदेड-लातूर भागावर निजामाचं राज्य. खेड्यात डॉक्टर कुठला यायला? बाळंतपण सुईणीच्या हातात. नाळ विळ्यानं कापायची, त्यातून धनुर्वात व्हायचा. पहिले तीन दिवस बाळाला अंगावर पाजायचं नाही, चीक पिळून टाकायचा, अशी रीत. आज कळतं की तो चीक म्हणजे बाळाचं पहिलं औषध. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन नारू व्हायचा. आणि ज्या सुईणीनं घरातला वंशाचा दिवा हातात झेलला, तिलाच काम सरलं की उंबऱ्याबाहेर बसवायचे. तिच्या हाताचा विटाळ धरायचे. हे आपल्याच गावातलं आहे, झाकून काय उपयोग?

पुढं सरकारी आरोग्य केंद्रं आली, पिशवी घेऊन नर्सबाई आली. देवीचा रोग 1975 साली देशातून गेला, 2000 साली देश नारूतून सुटला. त्यात या नर्सबायांची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची पायपीट आहे.

आता जामखेड. नगर जिल्ह्यातला हा कोरडा तालुका, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांना लागून. तिथं 1970 साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढं अमेरिकेतही शिकून आले. शहरात बंगला बांधता आला असता, पण त्यांनी खेडं धरलं. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाया गावोगाव नेमून बघितल्या. ते काही जमलं नाही. बाहेरची तरणी पोरगी, परक्या गावात एकटी राहणार कशी? आणि गावच्या बाया तिचं ऐकणार कशा? तवा असा विचार निघाला, की गावातलीच एखादी बाई गावानं निवडावी आणि तिला शिकवावं.

गावांनी ज्या बाया धाडल्या त्या बहुतेक निरक्षर. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, पुष्कळ दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या. सगळ्या जातीच्या बाया एकत्र. सुरुवातीला एकमेकींच्या शेजारी बसायलाही अवघडायच्या. मग काय केलं? रात्री सगळ्यांना मिळून एकच मोठं पांघरूण दिलं. थंडीत जात कुठवर सांभाळणार? एक्स-रेच्या फोटोत आतलं काळीज बघितलं, तर उंच जातीचं कुठलं आणि खालच्या जातीचं कुठलं ते कुणाला ओळखता येईना. माऊली, आपण कीर्तनात अभेद सांगतो. तिथं तो पांघरुणाखाली झोपून शिकले.

या बाया गरोदर बाई तपासायला शिकल्या, स्वच्छ हातानं बाळंतपण करायला शिकल्या. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावरचं दूध, क्षयाच्या आणि कुष्ठाच्या रोग्याला वेळेवर गोळ्या. त्या घरोघर जाऊन सांगायच्या. दुष्काळात बोअर पाडायची वेळ आली तेव्हा ती दलित वस्तीत पाडली, म्हणजे साऱ्या गावाला पाण्यासाठी तिकडं जावं लागलं. एका बोअरनं पाणीही दिलं आणि शिवाशिवही सैल केली.

फळ काय मिळालं? 1971 साली त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागं 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची. 1996 साली हा आकडा 26 वर आला. मोठं यंत्र आणलं नव्हतं. अंगठा उठवणाऱ्या बायांनी हे केलं. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 साली गेल्या, डॉक्टरसाहेब 2011 साली. पण त्यांनी शिकवलेल्या कितीतरी बायांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं गावाची सेवा केली. पोरी झाल्या, त्या पोरींची बाळंतपणंही त्यांनीच केली.

त्यांतल्या एक मुक्ताबाई पोळ. 1988 साली त्यांना अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलायला नेलं. सभागृहात मोठाली झुंबरं लखलखत होती. मुक्ताबाईंनी सांगितलं त्याचा भाव असा, की हे झुंबर फार सुंदर, पण फार महाग, आणि बघायला हजारो कोस यावं लागतं. मोठे डॉक्टर तसे आहेत. मग त्यांनी साधा वातीचा दिवा काढला. हा दिवा स्वस्त, पण झुंबराला जमत नाही ते याला जमतं. हा दुसरा दिवा लावतो. मी असा दिवा आहे, आणि असे दिवे लागत गेले तर साऱ्या पृथ्वीवर उजेड होईल. आम्ही चाळीस वर्षं कीर्तनं केली, गुरू-शिष्याचे किती दृष्टांत दिले, पण याच्या तोडीचा एखादाच सापडला असेल. आणि बाईचं नावही काय, तर मुक्ताबाई!

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या लातूरकरांना कुणी सांगायला नको. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावं निजली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीखाली गेली. हजारो माणसं गेली. तेव्हा जामखेडची माणसं या भागात मदतीला आली. हाड मोडलं तर डॉक्टर बांधतो. पण लेकरू गेलेल्या बाईशेजारी मुकाट बसायला बाईच लागते, आणि तीही खेड्यातलीच, आपल्या बोलीची.

2005 नंतर सरकारनं देशभर आशाताई नेमल्या. गावचीच बाई, गावचं आरोग्य. हा मार्ग जामखेडनं कितीतरी आधी चालून दाखवला होता. करोनात हीच आशाताई दारोदार फिरली. माणसं दार लावून घ्यायची, ती बाहेर उभी राहून ताप विचारायची. अजून तिला पक्का पगार नाही.

नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून अस्पृश्याचं लेकरू कडेवर उचललं, ते आपण दरसाल सांगतो. आपल्याच गंगाखेडच्या जनाबाईचं दळण-कांडण देवानं केलं, हेही सांगतो. मग आपल्या गावात जी बाई रोज असं लेकरू उचलते, तिला दिंडीत कुठं जागा आहे? आमचं मागणं एवढंच. शंभर वर्षांनी दिंडीची नवी वही घालताना तिच्यात एक पान रुग्णसेवेचं ठेवा. ज्या सुईणी, नर्सबाया, आशाताई आपल्याबरोबर चालल्या, त्यांची नावं म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यात उतरवा. जात लिहू नका, गाव लिहा. काल्याच्या दिवशी विणेकऱ्याला नारळ देता, तसा त्यांतल्या एकीला द्या. आणि दिंडीतल्या चार पोरींना मलमपट्टी, साखर-मिठाचं पाणी, ताप बघणं शिकवा. पोरांनाही शिकवा, सेवा काही बायांनाच वाटून दिलेली नाही. एकीनं दुसरीला शिकवलं की दिवा पुढं जातो.

रामकृष्ण हरी.