'सरांना, सप्रेम'मधले सर

'टू सर, विथ लव्ह' हे १९६७च्या चित्रपटाचं नाव मराठी कानाला जराही खटकत नाही. 'सरांना, सप्रेम'; भेटवस्तूवरच्या चिठ्ठीत आपणही असंच लिहू. इंग्रजीत मात्र हे नाव थोडं वाकडं आहे. तिथे 'सर' ही समोरच्याला मारायची हाक, नाहीतर नाइटहूड मिळालेल्याच्या नावाआधी लागणारा किताब. 'सर आले', 'सरांना द्या' असा बिननावाचा, तृतीयपुरुषी 'सर' इंग्रजांच्या तोंडी प्रामुख्याने दोनच ठिकाणी सापडतो: शाळेत, आणि 'सर काय घेणार?' असं अदबीनं विचारणाऱ्या वेटरपाशी. शाळेतल्या पोरांना हे व्याकरण दिलं कुणी? माझं म्हणणं असं की हा 'सर' दरबारातला नाही, लष्करातला नाही, हॉटेलातला तर नाहीच. तो पाद्र्याचा आहे.

चित्रपटाची जन्मकथा तशी ठाऊक असलेली. ब्रिटिश गयानात जन्मलेले ई. आर. ब्रेथवेट दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये होते. युद्ध संपल्यावर शिक्षण असूनही कातडीच्या रंगापायी इंजिनिअरची नोकरी मिळेना, म्हणून पूर्व लंडनमधल्या शाळेत शिकवू लागले. त्या अनुभवांवर १९५९ साली पुस्तक आलं आणि पुस्तकावरून जेम्स क्लॅव्हेलनं चित्रपट केला. शिक्षक झाला सिडनी पॉयटिए, जो १९५५च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्ये अशाच एका दांडगट वर्गात विद्यार्थ्याच्या बाकावर होता. आपल्याला हवा तो प्रसंग मधला. पोरांच्या उच्छादाला विटलेला हा शिक्षक, थॅकरे, पाठ्यपुस्तकं कचऱ्याच्या टोपलीत टाकतो आणि नवे नियम सांगतो: मला 'मिस्टर थॅकरे' किंवा 'सर' म्हणायचं, मुलींना 'मिस' म्हटलं जाईल, मुलांना आडनावानं हाक. शेवटच्या नाचगाण्यात तीच मुलं त्याला एक चकचकीत टँकार्ड देतात, सोबत शीर्षकातल्या शब्दांची चिठ्ठी. थॅकरेला बोलवत नाही, तो तिथून निघून जातो. हाक म्हणून लादलेला शब्द चिठ्ठीवर येईपर्यंत नाव होऊन बसला आहे.

आधी दोन तोतये बाजूला काढू. 'सर' म्हणजे 'स्लेव्ह आय रिमेन', गुलामीची खूण, हे आपल्याकडे मोठ्या आवेशानं सांगितलं जातं. आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची टूम बोकाळली विसाव्या शतकात. हा शब्द त्याच्या कित्येक शतकं आधीचा. दुसरा तोतया जास्त गोड आहे: सरदार, सरकार, सरनोबत यांतला 'सर'. पण तो फारसी, अर्थ 'डोकं', आणि नातं आपल्या 'शिरस्'शी. चेहरा जुळतो, रक्त जुळत नाही. इंग्रजी 'सर' हे 'सायर'चं आखूड रूप, आणि त्याच्यामागे लॅटिन 'सेनियर', म्हणजे वयानं मोठा. पोर्तुगीज 'सिन्योर' त्याच घरातला. लॅटिनमधल्या 'म्हातारा' या शब्दाचा संस्कृत भाऊ म्हणजे 'सन', जुना, ज्याच्याजवळून 'सनातन' निघतो. तेव्हा सर आणि सनातन चुलत घराण्यातले, हे कुणाला रुचो न रुचो.

आता पाद्री. मध्ययुगीन इंग्लंडात साध्या धर्मगुरूच्या नावाआधी 'सर' लागे. चॉसरचा खानावळवाला यात्रेतल्या पाद्र्याला 'सर जॉन' म्हणतो, आणि पुढे 'सर जॉन' हे कुठल्याही पाद्र्याचं काहीसं टिंगलीचं सामान्यनामच झालं. विद्यापीठांत बी.ए. झालेल्याला लागणाऱ्या लॅटिन 'डॉमिनस'चं इंग्रजीही 'सर'च. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये दोन 'सर' शेजारी-शेजारी आहेत: ढेरपोट्या नाइट सर जॉन फॉलस्टाफ, आणि वेल्श पाद्री सर ह्यू एव्हान्स. हे एव्हान्स गावचे मास्तरही आहेत. चौथ्या अंकात ते छोट्या विल्यमची लॅटिन विभक्तींची तोंडी परीक्षा घेतात. पाद्री, पंतोजी आणि 'सर' तिन्ही एकाच अंगरख्यात! माझ्या लेखी साखळीची कडी इथेच सापडते.

यावर पहिला आक्षेप लष्कराचा. ब्रेथवेट वायुदलातले, शिस्त तिथली, मग शब्दही तिथलाच. पण सैनिक 'सर' म्हणतो ते तोंडावर. पाठीमागे तो कॅप्टन म्हणतो, मेजर म्हणतो. वेटरचा 'सर' तृतीयपुरुषी खरा, पण गिऱ्हाईक समोर असेपर्यंतच. सर वर्गात नसतानाही 'सर' म्हणतात ती पोरंच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हा सारा थाट बड्या पब्लिक स्कूलांचा, मुलांना आडनावानं हाक मारायची रीतही तिथलीच. मान्य. पण त्या शाळांचे हेडमास्तर पिढ्यान्‌पिढ्या दीक्षा घेतलेले धर्मगुरू असत, रग्बीचे थॉमस अर्नोल्डसुद्धा. म्हणजे ही वाटही चर्चच्या दारातूनच जाते. खरी अडचण वेगळीच: पाद्र्याचा 'सर' नावाला चिकटलेला होता आणि सतराव्या शतकात तो मावळला, वर्गातला 'सर' एकटा आहे. माझा तर्क, नाव पोरांच्याच तोंडी गळून पडलं. 'मिस'चं असंच झालं. इंग्रज पोरगी 'मिस म्हणाल्या' असं सांगते तेव्हा तिला आडनावाची गरज भासत नाही. आणि ब्रेथवेट जिथे शिकवत, ती ॲलेक्स ब्लूम यांची बिनछडीची शाळा, तिचं नावही हॉक्समूरनं बांधलेल्या 'सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट' या चर्चचंच.

आपण त्या शब्दाची जागा उलटी केली. इंग्रजांचा किताब नावापुढे, आपला आडनावामागे: जोशी सर, कुलकर्णी सर. मास्तर आणि गुरुजी बघता बघता मागे पडले. १९९३ साली महेश भट्टनं शिक्षकावरच्या चित्रपटाला नुसतं 'सर' हे नाव दिलं, तेव्हा कुठले सर, असा प्रश्न कुणाला पडला नाही. 'टू सर, विथ लव्ह'वर बेतलेला विनोद खन्नाचा 'इम्तिहान' १९७४चा. त्याच वर्षी पॉयटिएला ब्रिटनच्या राणीकडून केबीई मिळाली, म्हणजे फॉलस्टाफच्या वळणाचा, नावाआधी लागणारा 'सर'. तो त्यानं फारसा मिरवला नाही.