दोन हजारांची शांतता : बदलापूर लोकलच्या प्रवाशासाठी इअरबड्सचा इतिहास

१/ गेल्या आठवड्यात अंबरनाथच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘ताई, दोन हजारांत बाहेरचा आवाज बंद करणारे इअरबड्स कोणते घेऊ? रोज सीएसएमटीपर्यंत जाते, गाडीत वाचन होतच नाही.’ प्रश्न बाजाराचा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना मी १९३३ पर्यंत मागे गेले आणि वाटेत उल्हासनगरही लागले. म्हणून आजचा हा धागा. ज्यांना केवळ खरेदीची घाई आहे त्यांनी ९व्या टिपणापासून वाचावे, राग नाही.

२/ आधी आवाजाचे ठिकाण पाहू. कल्याणहून आग्नेयेकडे फुटलेली लोहमार्गाची शाखा १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली. याच मार्गावर आज विठ्ठलवाडीपाठोपाठ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके येतात. सीएसएमटी ते बदलापूर हे अंतर ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास, कधी त्याहून अधिक, डब्यात जातात.

त्या डब्यातला आवाज एकजिनसी नसतो. तळाशी मोटारींची आणि चाकांची अखंड, खर्जातली घरघर असते. २००७ नंतर मुंबईत आलेल्या नव्या गाड्यांत छतातून हवा ढकलणाऱ्या पंख्यांची घूंघूं तिच्यात मिसळली. त्या थरावर रूळ बदलतानाचा खडखडाट, गाडीचा भोंगा, महिलांच्या डब्यात क्लिपा आणि कानातली विकणाऱ्यांच्या हाका, भजनी मंडळाचे टाळ, आणि अलीकडे फोनवर मोठ्याने लावलेली चलच्चित्रे. हे दोन थर ध्यानात ठेवावेत. पुढचा सारा हिशेब त्यांवरच उभा आहे.

३/ आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. कॅम्प १ ते कॅम्प ५ हे पत्ते मात्र अजून छावणीचेच आहेत.

माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या आजीचे बालपण अशाच एका बराकीत गेले. सैनिकांसाठी बांधलेल्या त्या लांबलचक दालनात कुटुंबाकुटुंबांमध्ये भिंत नव्हती, दोरीवर टाकलेल्या चादरी आणि गोणपाट होते. पलीकडचे बाळ रडले की अलीकडचे जागे होई. नवराबायकोचे भांडणही साऱ्या बराकीचे असे. आजी सांगते, तेव्हा डोळ्यांना आडोसा मिळाला, कानांना मिळाला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत निर्वासितांचे धान्य, कर्ज, घरे यांची नोंद सापडते. शांततेचा तुटवडा कोणत्याही शिधापत्रिकेवर लिहिला जात नसे.

४/ उल्हासनगरचे नाव निघाले की ‘मेड इन यूएसए’ची गंमत कोणीतरी सांगतोच : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! ही लोककथा आहे, नोंदवलेला पुरावा नव्हे. परंतु एका शहरावर ‘नकली’ हा शिक्का कसा बसतो याचा ती उत्तम नमुना आहे. सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसांनी पापड, मिठाई, कापड, पुढे फर्निचर आणि जीन्स अशा धंद्यांतून हे गाव उभे केले, ही बाजू विनोदात बसत नाही म्हणून गळून पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी मालालाही स्वस्त नक्कल म्हणून जग नाक मुरडत होते. त्याच जपानने १९७९ मध्ये वॉकमन आणला आणि गर्दीत चालणाऱ्या माणसाला स्वतःचे संगीत दिले.

आजची गंमत अशी की स्वस्त इअरबड्सचे अनेक ‘ब्रँड’ स्वतःचा कारखाना चालवीत नाहीत. दुसऱ्याच उत्पादकाने बनवलेल्या संचावर आपले नाव छापतात. उल्हासनगरला ज्यासाठी हिणवले गेले, त्याचे हे कायदेशीर आणि प्रतिष्ठित रूप म्हणावे का? मला तसे म्हणावेसे वाटते.

५/ बाहेरचा आवाज पुसण्याची कल्पना मात्र जपानी किंवा अमेरिकी नाही. १९३३ मध्ये पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ मध्ये त्याला अमेरिकी पेटंटही मिळाले. कल्पना शाळकरी मुलालाही कळेल अशी आहे. ध्वनी म्हणजे हवेतील दाबाची लाट. तिचा उंचवटा जिथे येतो तिथे नेमका तेवढाच खळगा निर्माण केला, तर दोन्ही एकमेकांत विरतात. मायक्रोफोनने लाट टिपायची आणि स्पीकरमधून तिची उलटी लाट सोडायची. हिशेब कागदावर अचूक होता. त्या काळची काचेच्या नळ्यांची यंत्रे तो प्रत्यक्षात उतरवण्यास अपुरी होती. १९५३ मध्ये अमेरिकेत हॅरी ऑल्सन आणि एव्हरेट मे यांनी आसनाजवळचा आवाज शोषणारे विद्युत-यंत्र मांडले. तेही प्रयोगशाळेपुरते राहिले.

६/ यानंतर कथेत येतात अमर बोस. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालमधील क्रांतिकार्यात होते. ब्रिटिशांचा तुरुंग भोगून ते १९२० मध्ये अमेरिकेस गेले. अमर यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. महायुद्धाच्या काळात वडिलांचा आयातीचा व्यापार बसला, तेव्हा या शाळकरी मुलाने रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावला. परागंदा झालेल्या बापाचा, दुरुस्तीच्या टेबलावर घडलेला हा मुलगा उल्हासनगरच्या कोणत्याही गल्लीत शोभला असता.

१९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानकंपनीने दिलेले हेडफोन त्यांनी कानाला लावले. इंजिनाच्या गर्जनेत संगीत बुडून गेले. तेव्हा एमआयटीत प्राध्यापक असलेल्या बोस यांनी त्याच प्रवासात, आसनावर बसल्या बसल्या, त्यावरील उपायाचे गणित मांडायला सुरुवात केली.

७/ गणितापासून वस्तूपर्यंत यायला दशक गेले. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना यीगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कोठेही न थांबता, इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंजिन जवळपास पाठीशीच होते. इतके दिवस तो आवाज ऐकून कान कायमचे निकामी होण्याची भीती होती. त्यांना बोस यांच्या कंपनीने प्रायोगिक हेडसेट दिले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकासाठीचा हेडफोन.

या तपशिलात एक गोष्ट दडली आहे. हे तंत्र जन्मले ते बंद वाहनात तासन्‌तास बसलेल्या माणसासाठी, आणि न थांबणाऱ्या खर्जातल्या घरघरीविरुद्ध. दिवाणखान्यात गाणी ऐकणाऱ्या शौकिनापेक्षा बदलापूरची पासधारक प्रवासी त्याची अधिक खरी वारसदार आहे.

८/ पुढचा प्रवास वेगाचा आहे. २०१६ मध्ये ॲपलने फोनवरून तारेचे भोक काढले आणि बिनतारी एअरपॉड्स आणले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आवाज पुसणारे एअरपॉड्स प्रो आले. भारतातील किंमत २४,९०० रुपये. आज तेच मूळ तत्त्व वापरणारे इअरबड्स दोन-अडीच हजारांत मिळतात. दर्जा अर्थात तोच नाही. पण एका पिढीआधी वैमानिकाकडे असलेली वस्तू विद्यार्थिनीच्या हाती आली, हेही खोटे नाही.

९/ आता माझी फजिती, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. एम.ए.च्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीतून मी अकराशे रुपयांचे इअरबड्स घेतले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉइज कॅन्सलेशन’ होते. गाडीत बसले, लावले, आणि घरघर होती तशीच. आठ दिवसांनी खोक्याचा मागचा भाग वाचला तेव्हा कळले, ते ईएनसी होते, एएनसी नव्हे.

ईएनसी तुमच्या बोलण्याची सेवा करते : फोनवर पलीकडच्या माणसाला तुमच्या भोवतालचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून. तुमच्या स्वतःच्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. तुमच्यासाठी असते ती एएनसी, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ शब्द असलेली. एका अक्षराचा फरक. उल्हासनगरच्या ‘यूएसए’वर हसणारा ग्राहक याच जातीच्या शब्दखेळाला ऑनलाइन बाजारात बिनतक्रार बळी पडतो, मीही पडले.

१०/ खरी एएनसी असली तरी ती सारे काही पुसत नाही, आणि याचे कारण ल्यूगच्या लाटेतच आहे. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते. तिचा उलटा जोड बनवायला यंत्राला सवड मिळते. ३००० हर्ट्झच्या किंकाळीची लाट असते जेमतेम ११ सेंटिमीटर. तिथे क्षणाचाही सूक्ष्म उशीर झाला की जोड चुकतो. म्हणून मोटारीची घरघर विरते. टाळ, भोंगा, शेजारणीचे बोलणे बरेचसे उरते.

हा वरचा थर अडवते ते रबरी टोक. खोक्यात सहसा तीन मापांची टोके येतात आणि आपण मधले लावून विसरून जातो. तिन्ही लावून पाहावीत. दोन कानांना वेगवेगळे माप लागणेही स्वाभाविक आहे. टोक नीट बसले नाही तर महागड्या एएनसीचाही खर्ज गळतो. कानाच्या बाहेरच टेकणारे, रबर नसलेले इअरबड्स दिसायला नाजूक असतात. लोकलसाठी घेऊ नयेत.

११/ ‘४० डेसिबल’, ‘४५ डेसिबल’ असे आकडे छापलेले असतात. तो सहसा एखाद्या सोयीच्या वारंवारितेवर मिळालेला सर्वोच्च आकडा असतो, सगळ्या आवाजावरची सरासरी नव्हे. दोन इअरबड्सची तुलना केवळ त्यावर करू नये. बॅटरीचे तासही तसेच : मोठ्या अक्षरांतला आकडा बहुधा डबीसह आणि एएनसी बंद ठेवून मोजलेला असतो. एएनसी चालू असताना एका चार्जमध्ये किती, एवढेच विचारावे. पाच तास मिळाले तरी बदलापूरची फेरी निभते.

दारात उभे राहणाऱ्यांसाठी एक सूचना. बाहेरच्या मायक्रोफोनवर वारा आदळला की यंत्र त्यालाच आवाज समजते आणि कानात भुरभुर वाढते. दारात एएनसी बंद ठेवलेली बरी. दारात उभेच राहू नये, हे मी सांगून कोण ऐकणार!

१२/ खरेखोटेपणाचा पुरावा कोणता? २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी सुरू झाली. पुढे त्या यादीत बिनतारी इअरफोनही आले. खोक्यावर मानकचिन्हाजवळ ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. एक सांगितले पाहिजे : ही नोंदणी वस्तूच्या सुरक्षिततेची आहे, शांततेच्या दर्जाची नव्हे. पक्के बिल घ्यावे आणि सेवाकेंद्र कल्याणपर्यंत तरी आहे का ते पाहावे. दोन हजारांच्या वस्तूसाठी दादरला तीन खेटे घालणे परवडत नाही.

१३/ कोणी म्हणेल, एवढा खटाटोप का? आवाज थोडा वाढवावा आणि गाणे ऐकावे. मीही त्या अकराशेच्या इअरबड्सवर वर्षभर तेच केले. घरघर बुडवण्यासाठी गाणे तिच्याहून मोठे करावे लागते, आणि कान त्या पातळीला सरावतो. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते. बदलापूरचा प्रवासी तेवढी दोन दिवसांत संपवतो. माझ्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजू लागली तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले. उजव्या कानाची उंच स्वर ऐकण्याची क्षमता थोडी उतरली आहे, ती परत येणार नाही. वय वर्षे चोवीस.

एएनसीचा खरा उपयोग म्हणून मी असा मानते : घरघर हटल्यामुळे आवाज अर्ध्याच्या खाली ठेवूनही गाणे ऐकू येते. ज्यांना गाणे नको त्यांनी काही न लावता नुसती एएनसी चालू ठेवून वाचावे.

१४/ याला एक सार्वजनिक बाजूही आहे. डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्यांनी १९८० च्या दशकात गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २००० मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांतता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे कायद्याने शांतता सर्वांची आहे. प्रत्यक्षात ती दोन हजार रुपयांना, सहा महिने किंवा वर्षाच्या वॉरंटीवर, एकेका कानापुरती विकत मिळते. बराकीतल्या दोरीवरची चादरही ज्याची त्यानेच आणलेली असे.

१५/ आणि रूळ. उल्हासनगर असो वा अंबरनाथ, पूल सोडून रूळ ओलांडणारे रोज दिसतात. रेल्वे कायदा १९८९ चे कलम १४७ त्याला गुन्हा ठरवते, ते सोडा. एएनसी नेमकी ज्या आवाजाला मारते तो येणाऱ्या गाडीचा खर्जातला आवाज असतो. फलाटावर उतरताच इअरबड्स डबीत टाकावेत. आजूबाजूचा आवाज आत सोडणारी ‘ट्रान्सपरन्सी’ सोय असली तरी तिच्यावर जीव टांगू नये.

१६/ त्या विद्यार्थिनीला मी नाव सुचवले नाही; मॉडेले तीन महिन्यांत बदलतात. एएनसी हा शब्द, नीट बसणारे रबरी टोक, एएनसीसह पाच तास, नोंदणी क्रमांक आणि परत करण्याची मुदत, एवढे लिहून दिले. आणि सांगितले की परीक्षा घरात घेऊ नकोस, मुदतीच्या आत एकदा गाडीत घे : कल्याण सुटल्यावर, काही न लावता, नुसती चालू-बंद करून. काल तिचा निरोप आला. १,७९९ रुपयांचे घेतले आहेत. घरघर गेली, ठाण्यापर्यंत सतरा पाने झाली. भजन मात्र अजून ऐकू येते, आणि ते तिला आवडते.