कुड्याची साल

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून पूर्ण झाला. त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 मध्ये हिंदुस्थानात आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथात हगवणीवरच्या एका मलबारी वनस्पतीला स्वतंत्र प्रकरण मिळालं आहे. ही वनस्पती म्हणजे आपला पांढरा कुडा, असं पुढच्या अभ्यासकांनी ठरवलं.

इथल्या वैद्यांना कुड्याची ओळख नव्याने करून द्यायची गरज नव्हती. चरक-सुश्रुतांच्या संहितांमध्ये कुटज, म्हणजेच कुडा, अतिसारावर सांगितला आहे. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आजही दुकानात मिळतात. पावसाच्या तोंडावर कोकणातल्या, सह्याद्रीच्या उतारावरच्या रानात कुडा पांढऱ्या फुलांनी लगडतो आणि त्या फुलांची भाजीही होते. ‘मेघदूता’तला यक्ष मेघाचं स्वागत याच ताज्या फुलांनी करतो, त्याचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं अनेक जण मानतात. गढूळ पाण्याचे, हगवणीचे दिवसही नेमके तेव्हाच सुरू होतात.

अठराव्या शतकात कुड्याची साल युरोपच्या औषधबाजारात पोचली. तिथे तिचा बोलबाला झाला आणि लवकरच ती बदनामही झाली. दोष तिचा नव्हता. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल खपवली गेली, आणि रोग्यांना गुण येईना.

या दोन झाडांत गल्लत होणं सोपं आहे. दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींना चीक, दोन्हींच्या लांब बारीक शेंगा जोडीने लोंबतात. पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या राहतात. बी चावून पाहिलं तर शंकाच उरत नाही. पांढऱ्याचा इंद्रजव कडूजहर, काळ्याचा गोडा. काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग काढत, ती त्याची खरी ख्याती. रानात वावरणाऱ्या माणसाला हे सगळं कळतं. पण साल उतरवून, वाळवून, पोत्यात भरली की शेंगही नाही नि बीही नाही. मधल्या व्यापाऱ्याने पोतं बदललं, तर लंडनच्या औषधविक्रेत्याने ओळखायचं कशावरून?

कडूपणामागचं द्रव्य मुंबईतच हाती लागलं. 1858 साली डॉ. हेन्स यांनी सालीतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. आज त्याला कोनेसिन म्हणतात. पुढे 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी आमांशावर एमेटिन या वेगळ्या औषधाची इंजेक्शनं रूढ केली. ती परिणामकारक, पण हृदयाला घातक ठरू शकत. म्हणून 1920च्या दशकात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत कुड्याच्या सालीची रुग्णांवर पद्धतशीर पारख केली. देशी औषधांचा नुसता अभिमान मिरवण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं आहे.

शुद्ध कोनेसिनही काही काळ अमिबाच्या आमांशावर वापरलं गेलं. मात्र त्याने झोप उडे, चक्कर येई, काहींना भासही होत. 1960च्या दशकात मेट्रोनिडॅझोल या उपचारात आलं आणि कुडा मागे पडला. ते योग्यच झालं. जुलाबात रक्त पडत असेल, ताप असेल, तर काढ्यावर दिवस काढू नयेत, तपासणी करून घ्यावी. या झाडाबद्दल कितीही आदर असला तरी हे स्पष्ट सांगायलाच हवं.

कुड्याची मागणी मात्र संपलेली नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाच्या पहिल्याच खंडात त्याच्या खोडाच्या सालीला जागा आहे. म्हणजे रानातून साल काढणं चालूच आहे, आणि खोडाभोवती पूर्ण वेढा घालून सोललं तर झाड वाळतं. काळ्या कुड्याची भेसळही अजून सापडते. सूक्ष्मदर्शकाखालची आणि रासायनिक तपासणी आता हाताशी आहे, त्यामुळे पोतं विकत घेणाऱ्या कारखान्याला जुन्या औषधविक्रेत्याची सबब सांगता येणार नाही.