वेताळ आणि थॉर : दैवतकथेची चित्रकथा होताना

मराठी समीक्षेने लोकप्रिय वाङ्मयाचा विचार केला तो मुख्यतः रहस्यकथा, रंजनप्रधान कादंबरी आणि तमाशा यांच्या अनुषंगाने. चित्रकथा, म्हणजे आपण सर्रास जिला कॉमिक्स म्हणतो ती, बालवाचनाची किरकोळ बाब समजून बाजूला पडली. वस्तुतः कोणत्या दैवताची साहसकथा होते आणि कोणत्या दैवताची होऊ शकत नाही, हा मिथकविचारातला कळीचा प्रश्न आहे; आणि तो तपासण्यासाठी चित्रकथेइतकी उघडी सामग्री क्वचितच मिळेल. प्रस्तुत लेखात अमेरिकी चित्रकथेतील थॉर आणि मराठी चित्रकथेतील वेताळ यांना शेजारी ठेवून या प्रश्नाकडे पाहावयाचे आहे.

'जर्नी इंटू मिस्टरी' या अमेरिकी मासिकाच्या ८३ व्या अंकात (ऑगस्ट १९६२) थॉर प्रथम अवतरला. स्टॅन ली, त्यांचे बंधू लॅरी लीबर आणि चित्रकार जॅक कर्बी हे त्याचे कर्ते. पायाने अधू असलेला डॉ. डोनाल्ड ब्लेक नॉर्वेत शनिग्रहावरून आलेल्या पाषाणमानवांपासून पळता पळता एका गुहेत शिरतो, तेथे सापडलेली काठी खडकावर आपटतो, आणि काठीचा हातोडा व ब्लेकचा थॉर होतो. पुढे १९६८ मध्ये उलगडा केला गेला की ब्लेक हा मुळात थॉरच. उन्मत्त पुत्राला नम्रता शिकविण्यासाठी पिता ओडिनने त्याला मर्त्य आणि अपंग देहात टाकले होते. शाप आणि उःशाप यांवर पोसलेल्या मराठी वाचकाला ही रचना मुळीच परकी वाटणार नाही.

या थॉरचा जुन्या थॉरशी संबंध किती? तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने 'एड्डा' लिहिली तेव्हा त्या बेटाने ख्रिस्ती धर्म स्वीकारून दोन शतके उलटली होती. म्हणजे या दैवतांचा आपल्याला उपलब्ध असलेला सर्वांत विस्तृत गद्य वृत्तांतच मुळी ज्याची उपासना संपली आहे अशा देवांचा, आणि तोही काव्यशिक्षणाच्या सोयीसाठी लिहिलेला. परंपरेतला थॉर तांबड्या दाढीचा, अचाट खाणारा, प्रसंगी चोरीस गेलेला हातोडा परत मिळविण्यासाठी नवरीचा वेश घेणारा. कर्बीने त्याची दाढी काढली, केस सोनेरी केले. कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारा उपासकच उरलेला नव्हता. (आइसलंडमध्ये या देवांच्या नव्या उपासकपंथाला शासकीय मान्यता मिळाली ती १९७३ मध्ये.)

मात्र हे दैवत अगदीच निराधार पडले होते असेही नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन राष्ट्रवादाने त्याच्यावर हक्क सांगितला होता, आणि नाझी राजवटीने ते सारे दैवतमंडळ वंशश्रेष्ठत्वाच्या कामाला जुंपले होते. कर्बी आणि लीबर बंधू हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. १९४१ मध्ये 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावणारा नायक कर्बीनेच रेखाटला होता. त्याच हाताने वीस वर्षांनंतर थॉरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरविले, हा केवळ योगायोग मानणे मला अवघड जाते. उपासकांनी सोडलेले आणि राजकारणाने बाटविलेले दैवत येथे तिसऱ्याच हाती गेले.

या ठिकाणी अमरावतीचा एक संदर्भ आठवतो. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून आले. अचाट बळ, हातात गदा, आकाशगमन, इच्छेनुसार देह लहानमोठा करणे : महानायकाची सारी लक्षणे हनुमंतापाशी आहेत. पण त्याचे बळ आपल्याकडे कल्पिताच्या खात्यात जमा होत नाही. ते आखाड्यात, उपासनेत, शनिवारच्या तेलात जमा होते. म्हणून त्याची चित्रकथा होते ती 'अमर चित्र कथे'च्या पद्धतीची. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ही माला मराठीतही आली. तिच्यात दैवताचे चरित्र सांगितले जाते, वाढविले जात नाही. कथा ग्रंथाधारे सुरू होते आणि तेथेच मिटते. महानायकाला मात्र पुढचा अंक हवा असतो.

जिवंत दैवताबद्दल नवी कथा रचता येत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. जनाबाईबरोबर दळणारा विठ्ठल, दामाजीसाठी विठू महार होऊन बेदरच्या बादशहापुढे उभा राहणारा विठ्ठल, या कोणत्या पुराणात होत्या? दुसऱ्या प्रसंगात तर वेषांतर आहे, संकटनिवारण आहे, काम होताच अदृश्य होणेही आहे. फरक आहे तो सांगणाऱ्याच्या भूमिकेत. आमच्या जिल्ह्यातील रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. लीळा ही साक्ष असते, आणि अंक हा उघड उघड रचलेला असतो. देवाविषयी नवे सांगायचे तर मराठी परंपरेत साक्षीदाराच्या, भक्ताच्या नात्याने सांगावे लागते. कर्त्याच्या नात्याने नव्हे.

मग मराठीत थॉरची जागा कोणी घेतली? टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांचा फँटम (पहिली चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६, म्हणजे बर्लिन ऑलिम्पिकचेच वर्ष) हा त्याचा मुख्य नायक. हिंदीत तो वेताल झाला, मराठीत वेताळ. बंगालीत त्याला 'अरण्यदेव' हे नाव मिळाले. त्या नावाचे ठाणे कुठे असल्याचे ऐकिवात नाही. मराठीने मात्र ज्याला अजूनही नारळ फुटतो, कोंबडे पडते, असे नाव उचलले. अमावास्येला भुतांची पालखी घेऊन निघणारा, कोकण-गोव्यात ग्रामदैवत म्हणून बसलेला, आपल्याकडे वऱ्हाडात शिवेवरच्या शेंदरी धोंड्यांत कुठे मुंजा, कुठे भैरोबा यांच्या शेजारी उभा असलेला हा देव. त्याला शिष्टांच्या देव्हाऱ्यात जागा नाही. पण भय आहे, नवस आहे. पुरता देव नाही आणि नुसती कथाही नाही, या उंबरठ्यावर तो असल्यामुळेच त्याचे नाव उसने घेता आले. विठोबाचे किंवा खंडोबाचे घेता आले नसते.

त्यातून साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या मराठी मुलापुढे एकाच वेळी तीन वेताळ उभे राहिले. एक शिवेवरचा. दुसरा सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून, सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या १८३० च्या 'वेताळपंचविशी'तून येत येत 'चांदोबा'त पोहोचलेला, राजाच्या खांद्यावरच्या प्रेतातून प्रश्न विचारणारा. तिसरा मुखवटा घातलेला. हा तिसरा प्रश्न विचारीत नाही. ठोसा मारतो आणि जबड्यावर कवटीची खूण उमटवतो. पंचविशीतला वेताळ न्यायाचा पेच राजापुढे टाकून झाडावर परत जातो, निर्णय माणसावर सोपवितो. मुखवट्याच्या वेताळापाशी निर्णय आधीच झालेला असतो. नावाबरोबर ही जिज्ञासू, वादप्रिय वृत्ती आली नाही.

येथे थॉरशी तुलना उपयोगी पडते. थॉर हा माणसाचे सोंग घेतलेला देव. फँटम हा देवाचे सोंग घेतलेला माणूस. बाप मेला की मुलगा तोच वेष चढवितो, एकवीस पिढ्या, आणि जंगलातले लोक त्याला एकच अमर पुरुष समजतात. मराठी वाचकाला ही गादीची परंपरा सहज उमगते : भगत मरतो, अंगात येणारे दैवत मरत नाही. या अर्थाने 'वेताळ' हे भाषांतर अत्यंत समर्पक आहे, आणि नेमके म्हणूनच फसवे. मूळ कथेत एक गोरा पुरुष वंशपरंपरेने जंगलातल्या जमातींत शांतता राखतो, आणि ती शांतता त्या जमातींच्या भाबडेपणावर उभी आहे. इंद्रजालने प्रदेशाचे नाव 'डेंकाली' केले, 'सिंग' चाच्यांना 'सिंगा' केले. भारतीय वाचकाला बोचेल तेवढे काढले. राहिलेले गोरेपण वेताळ या नावाखाली झाकले गेले. ज्या बहुजनांनी शिवेवरच्या वेताळाला जपले, त्यांच्यासारख्यांवरच धाक ठेवणाऱ्या परक्याला त्याचे नाव मिळाले. देशीयतेच्या चर्चेत भाषांतराचे देशीकरण आपण बहुधा गुण म्हणून मोजतो; हे उदाहरण त्या हिशेबात बसत नाही.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. २०११ मध्ये थॉर चित्रपटरूपाने आला, हिंदी बोलत आला. हातात वज्रासारखे शस्त्र, मेघगर्जनेवर सत्ता, राक्षसांशी वैर : तौलनिक दैवतशास्त्राने ज्याला शतकभर इंद्राचा भाऊबंद मानले तोच हा. हिंदीतही तो थॉरच राहिला. १९६४ मध्ये परक्या नायकाला घरचे नाव द्यावे लागत होते. आता तशी निकड कोणाला भासली नाही.