कर्ज कोठे थांबते?

काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी कामावर असताना एक वृद्ध शेतकरी कचेरीत आला. फडक्यात गुंडाळून आणलेला एक कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. तो दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा होता. त्याने एका खाजगी कंपनीला कापूस विकला होता, पैसे बुडाले होते, आणि दावा तो जिंकला होता. परंतु बजावणीच्या वेळी असे आढळले की कंपनीच्या नावावर दोन टेबले, एक तिजोरी आणि बँकेतील किरकोळ शिल्लक यांपलीकडे काही नाही. कंपनीचे संचालक मात्र त्याच गावात दुमजली घरात सुखाने राहत होते. "साहेब," म्हातारा म्हणाला, "माल या माणसांनीच नेला. मग पैसे देणारी ही कंपनी म्हणजे कोण?"

बजावणी माझ्या अधिकारातील गोष्ट नव्हती. मी त्याला योग्य त्या वकिलाकडे पाठवले. पण त्याचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. माणसाचे कर्ज कोठपर्यंत त्याचा पाठलाग करू शकते? त्याच्या घरापर्यंत, त्याच्या देहापर्यंत की त्याच्या मुलांपर्यंत? या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे एकोणिसाव्या शतकात, अवघ्या वीस-बावीस वर्षांच्या अवधीत, मुंबई इलाख्याला लागू झालेल्या कायद्यांत सापडतात. त्यांची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी असा विचार आहे.

आपल्या जुन्या पेढीची रीत सरळ होती. पेढीचे देणे ते मालकाचे देणे. पेढी बुडाली की मालकाचा वाडा, दागिने, भांडीकुंडी सारे ऋणकऱ्यांच्या हाती जाई. आपल्याकडे कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला, पण त्यानेही भागधारकाला या धोक्यातून सोडवले नाही. इंग्लंडमध्ये १८५५ साली मर्यादित जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले आणि दोनच वर्षांनी, १८५७च्या एकोणिसाव्या कायद्याने, ते हिंदुस्थानात आले. त्या वेळी बँका व विमा कंपन्या त्यातून वगळल्या होत्या. बँकांना ही सवलत १८६० साली मिळाली.

तत्त्व थोडक्यात असे. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र व्यक्ती. तिचे देणे ते तिचे. भागधारकाने शंभर रुपयांचा भाग घेतला, तर त्याची जबाबदारी त्या शंभरांवर संपली. मात्र या तत्त्वाची दुसरी बाजू पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शंभरांपैकी त्याने पंचवीसच भरले असतील, तर उरलेले पंचाहत्तर हे त्याच्यावर कर्जच असते. कंपनी बुडाली की अवसायक भागधारकांची यादी करतो आणि ही बाकी मागतो. तो भाग नुकताच दुसऱ्याला विकून मोकळे झालेल्या माणसालाही कायदा लगेच सोडत नाही. कंपनी गुंडाळण्यापूर्वी वर्षभराच्या आत भाग विकला असेल, तर नवा धनी असमर्थ ठरल्यास आपल्या वेळच्या देण्यांपुरता जुन्या धन्यालाही हात घालता येतो.

ही दुसरी बाजू मुंबईने फार महाग किंमत देऊन शिकली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि सारी मागणी हिंदुस्थानाकडे वळली. मुंबई बंदरात पैशाचा पूर आला. गुंतवायला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा कंपन्या काढण्याची लाट उसळली. १८६५च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या होत्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाला पंचवीस हजारांहून अधिक किंमत आली. भाग हातात न घेताच पुढच्या तारखेचे सौदे होऊ लागले. कारकून, वकील, व्यापारी, सरकारी नोकर, सारेच त्यात उतरले. 'मर्यादित' या शब्दाचा अर्थ लोकांनी 'निर्धोक' असा घेतला होता.

१८६५च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. त्या वर्षीच्या १ जुलैला वायद्याच्या सौद्यांचा हिशेब पुरा करावयाचा होता, आणि तो दिवस मुंबईच्या व्यापाराच्या इतिहासात काळा दिवस ठरला. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. कंपन्या गुंडाळू लागताच भागांवरील बाकी मागण्याच्या नोटिसा निघाल्या, आणि ज्यांनी नफ्यासाठी भाग घेतले होते त्यांना ते भाग म्हणजे कर्जाचे दस्तऐवज होते हे कळून आले. १८४० साली स्थापन झालेली, सरकारचे भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेदेखील यातून वाचली नाही. भागांच्या तारणावर तिने सढळ हाताने कर्जे दिली होती. १८६८ साली तिच्या अपयशाच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. त्याच बँकेच्या संचालकांत प्रेमचंद रायचंद होते. त्यांनी १८६४ साली दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यांच्या मातेच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या वैभवाच्या वर्षांची ही खूण अजून शहरात उभी आहे.

एवढा विध्वंस झाला, तरी मर्यादेचे तत्त्व सोडून द्यावे असे मात्र घडले नाही. १८६६च्या दहाव्या कायद्याने ते अधिकच पक्के केले. त्याचे शहाणपण बारा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये दिसून आले. १८७८च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. शंभर पौंडांच्या भागामागे आधी पाचशे आणि मग आणखी सव्वादोन हजार पौंड मागण्यात आले. एकूण १८१९ भागधारकांपैकी अखेरीस २५४ तेवढे पायावर उभे राहिले. लबाडी केली ती संचालकांनी, आणि ते तुरुंगातही गेले, पण घरेदारे गेली ती निरपराध भागधारकांची. दुसऱ्याच्या मिळकतीचे विश्वस्त म्हणून ज्यांच्या नावावर भाग होते, त्यांनाही स्वतःच्या खिशातून भरणा करावा लागला.

दुसरे उत्तर घराच्या उंबरठ्याच्या आतले आहे. आपल्या धर्मशास्त्रात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य मुंबई इलाख्यातील न्यायालयांत कायद्याचे बंधन होऊन बसले होते. बापाने मागे एक कवडीही ठेवली नसली, तरी सावकार मुलावर दावा लावी. विधवेने पुनर्विवाह केला, तर तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कर्जासाठी दुसऱ्याला धरण्याचाही प्रकार होता. १८६६ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सातवा कायदा करून हे थांबविले. वारसाने जेवढी मिळकत घेतली असेल तेवढ्यापुरतेच तो पूर्वजांचे देणे लागेल, आणि दुसऱ्या पतीवर पहिल्याचे कर्ज येणार नाही, असे त्यात ठरले. ज्या वर्षी वरिष्ठ सरकारने कंपन्यांचा नवा कायदा केला, त्याच वर्षी मुंबईने हिंदू वारसालाही एक प्रकारची मर्यादित जबाबदारी दिली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तिसऱ्या उत्तराला उशीर झाला, आणि तो का झाला हा या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मुंबईच्या भागधारकाची जबाबदारी भागाच्या दर्शनी किमतीवर थांबत होती, त्याच वर्षांत घाटावरच्या कुणब्याच्या जबाबदारीला काहीच सीमा नव्हती. १८५९च्या दिवाणी संहितेने हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोला पकडून कैदेत टाकण्याची सोय ठेवली होती. कैदेतील पोटखर्च सावकाराने भरावयाचा, एवढीच काय ती अडचण. त्याच साली मुदतीचा कायदा आला. हेतू चांगला होता की जुनी, पुरावा हरवलेली कर्जे उकरली जाऊ नयेत. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार थकलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेई आणि कुणबी त्यावर अंगठा करी. समन्स आले तरी तालुक्याच्या गावी जाण्याची ऐपत व हिंमत त्याला नसे, म्हणून हुकूमनामे एकतर्फी होत. मग कैदेचा धाक दाखवून जमीन लिहून घेता येई.

कापसाच्या तेजीत सावकारांनी सढळपणे कर्ज दिले होते आणि मंदी आल्यावर हात आखडला. त्यात काही तालुक्यांत जमिनीचा साराही वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक उठले. दंगा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांनी सावकारांच्या जिवाला फारसा धक्का लावला नाही. त्यांनी खते आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. जी सीमा कायद्याने आखून दिली नव्हती, ती त्यांनी आगीने आखण्याचा प्रयत्न केला, असे म्हणावे लागेल.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करावयाची नाही. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर ती जप्त करावयाची नाही. आणि न्यायाधीशाने खताच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावयाचा. न्यायमूर्ती रानडे यांनी खास न्यायाधीश म्हणून या कायद्याखाली काम केले. त्याचेही दुष्परिणाम झाले हे खरे. सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून मागू लागले आणि कर्ज मिळणे अवघड झाले. मर्यादेची किंमत असते, आणि ती बहुधा गरजूच देतो. तथापि माणसाचा देह तारणातून सुटला, ही गोष्ट लहान नव्हती.

ही सीमा पुढे हळूहळू सर्वांसाठी रुंदावत गेली. १९०८च्या दिवाणी संहितेचे साठावे कलम वाचताना मला नेहमी असे वाटते की येथे कायदा एखाद्या घरात शिरून थबकला आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे बैल व बियाणे, आणि धर्माचाराप्रमाणे जो स्त्रीने उतरवावयाचा नसतो असा दागिना, यांना जप्तीचा हात लागत नाही. १९३६च्या दुरुस्तीने कैदेवर अटी आल्या. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात स्पष्ट केले की केवळ गरिबीमुळे देणे फेडता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. पैसा असून न देण्याची अप्रामाणिक वृत्ती दिसली पाहिजे.

येथवर आपण ऋणकोच्या बाजूने पाहिले. पण माझ्या कचेरीत आलेला म्हातारा धनको होता हे विसरून चालणार नाही. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली काढले होते, आणि ते अद्याप जुने झालेले नाहीत. बजावणीची दरखास्त सहा महिन्यांत निकालात काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ सालीही सांगावे लागले. मर्यादा ही प्रामाणिक अपयशासाठी आहे. कंपनीचा बुरखा पांघरून ऋणकऱ्यांना फसविण्यासाठी धंदा चालविला असेल, तर तो चालविणाऱ्याची जबाबदारी अमर्याद ठरविण्याचा अधिकार १९५६च्या कंपनी कायद्यात होता, २०१३च्या कायद्यात आहे आणि २०१६च्या दिवाळखोरी संहितेतही आहे. शिवाय कंपनीच्या अधिकाऱ्यांना न्यायालयात बोलावून, मालमत्ता कोठे आहे हे शपथेवर विचारण्याची तरतूद दिवाणी संहितेत आहे. मोठी बँक तर कर्ज देतानाच संचालकाची व्यक्तिगत हमी लिहून घेते आणि मर्यादेची भिंत स्वतःपुरती आधीच पाडून ठेवते. कापूस उधार देणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. त्याच्यापुढे मात्र ती भिंत पूर्ण उंचीने उभी राहते.

श्रोते हो, आपल्या गावातील पतसंस्थेच्या वा गृहनिर्माण संस्थेच्या पाटीवर शेवटी 'मर्यादित' हा शब्द असतो. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तेव्हा खेड्यातील संस्थांना हा शब्द लावण्याची सामान्यतः मोकळीक नव्हती. तेथे सर्वांचे देणे ते प्रत्येकाचे देणे, असा नियम होता. शेजाऱ्याची चोख माहिती असलेल्या माणसांनीच एकमेकांना अशी अमर्याद हमी द्यावी, ही त्यामागची कल्पना. जेथे ओळख आहे तेथे अमर्याद विश्वास, आणि जेथे ओळख नाही तेथे लेखी मर्यादा. पण ज्याच्याशी आपण व्यवहार करतो तो माणूस आहे की कंपनी, हे निदान सौदा करताना समोरच्याला कळले पाहिजे.

त्या म्हाताऱ्याला ते कळले नव्हते. त्याने ओळखीच्या माणसाला कापूस दिला होता आणि हुकूमनामा अनोळखी कंपनीवर मिळाला होता. त्याचा कागद पुन्हा फडक्यात बांधताना मी त्याला एवढेच सांगू शकलो की बाबा, बारा वर्षांची मुदत आहे, कागद जपून ठेवा आणि त्या माणसांना न्यायाधीशासमोर शपथेवर उभे करा. त्याने मान हलविली आणि गाठ नीट आवळून घेतली.