संमति आणि शरणागति

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आज मी एका अनाथ, मजुरी करून पोट भरणाऱ्या आदिवासी मुलीची हकीकत सांगणार आहें. तिचें नांव मी घेणार नाहीं. कां, तें ओघानें येईलच.

ता. २६ मार्च १९७२. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत भावाच्या तक्रारीवरून ती जबानीसाठीं आली. रात्रीं इतरांस जावयास सांगून तिला एकटीलाच मागें ठेवून घेतलें. आपल्यावर पोलिसानेंच बलात्कार केला, ही तिची फिर्याद. १९७४ त सेशन्स कोर्टानें दोघां आरोपींना सोडलें. १९७६ त उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांना दोषी ठरविलें. भीतीपोटीं मान तुकविणें म्हणजे संमति नव्हे, असें त्याचें मत पडलें. १९७८ त सर्वोच्च न्यायालयानें त्यांना पुन्हां मुक्त केलें. अंगावर जखमेची खूण नाहीं, हें एक प्रमुख कारण!

जेथें फिर्याद द्यावयाची, तेथेंच अडकलेल्या पोरीनें हांक तरी कोणाला मारावी? ता. १६ सप्टेंबर १९७९ रोजीं उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांना खुलें पत्र लिहिलें. संमति वेगळी आणि शरणागति वेगळी, हा त्यांचा मुद्दा. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणीं स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

निकाल फिरला नाहीं. कायदा मात्र १९८३ त फिरला. पोलिसांच्या ताब्यांत असतांना संबंध घडल्याचें सिद्ध झालें आणि 'माझी संमति नव्हती' असें स्त्रीनें कोर्टांत सांगितलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें ठरलें. पीडितेचें नांव छापणें गुन्हा झाला. हें संरक्षण त्या मुलीला लाभलें नव्हतें. तिच्या नांवानेंच खटला गाजला. म्हणून मी तें घेतलें नाहीं.

परंतु कायद्याची सत्ता आपल्या माजघरापर्यंत पोंचत नाहीं. उद्यां आपली लेक, शेजारीण वा मोलकरीण असें कांहीं सांगूं लागली, तर 'तूं ओरडली कां नाहींस?' हा १९७८ चाच प्रश्न आपण विचारणार काय? त्यापेक्षां तिचें ऐकून घ्यावें, तिच्या इच्छेनें डॉक्टरांकडे आणि ठाण्यावर सोबत जावें, व तिचें नांव चव्हाट्यावर नेऊं नये. त्या अनाथ मुलीचें ऋण फेडण्याचा हाच एक मार्ग आपल्या हातीं उरला आहे.